बांधावर लोकेशन का अडकतं? जीपीएसच्या वाट पाहण्याचा इतिहास

ऐकताना आकडे निसटून जातात ही तुमची नेहमीची तक्रार, म्हणून आजच्या भागाचं हे लिखित रूप. सावकाश वाचा.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून. बुलढाण्यात घाटावर असो की घाटाखाली, खरीप अर्धाअधिक सरला की गावोगाव एक दृश्य दिसतं. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं, मधोमध एक पोरगं फोन आभाळाकडे धरून उभं, आणि बांधावरून आवाज येतो, "काहून रे, नाही आलं का अजून?" उत्तर ठरलेलं, "फिरूनच राह्यलं, बाबा." फिरतंय ते स्क्रीनवरचं वर्तुळ. ई-पीक पाहणीचं ॲप लोकेशन मागतंय आणि फोनला ते सापडत नाहीये.

ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातमध्ये जमीन कुणाची ते, बारामध्ये त्या जमिनीत काय पेरलंय ते. हा बारा नंबर पिढ्यान्‌पिढ्या तलाठी भरायचे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः, स्वतःच्या शेतात उभं राहून, फोटोसकट करायची असं ठरलं. नोंद नसेल तर हमीभावाने सोयाबीन विकायला गेल्यावर अडतं, नुकसानभरपाईत अडतं, पीकविम्याच्या वेळी वाद होतो. नोंदीला मुदत असते आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सगळा गाव एकदम शेतात जातो. म्हणजे आभाळातून येणाऱ्या एका सिग्नलवर घरच्या वर्षभराच्या हिशोबाचा एक तुकडा टांगलेला असतो.

मग उपाय सुरू होतात. कुणी फोन रीस्टार्ट करतं, कुणी फ्लाइट मोड लावून काढतं, कुणी 'जीपीएस बूस्टर' नावाचं ॲप टाकतं, आणि एखादा काका लोकेशनचं बटण पंख्याच्या स्विचसारखं बंद-चालू, बंद-चालू करत राहतो. यातले काही उपाय खरंच चालतात. बाकीचे नुसते नवस आहेत. कोणता उपाय कशात मोडतो हे कळायचं असेल तर थोडं मागे जावं लागेल, कारण हे थांबणं तुमच्या फोनचा दोष नाही. ते जीपीएससोबत जन्माला आलंय.

तसं म्हटलं तर 'मी कुठे आहे' हे कळण्यासाठी थांबावं लागणं विदर्भाला नवीन नाही. दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्बटन हा इंग्रज अधिकारी अख्खा हिंदुस्थान त्रिकोणांत मोजत मोजत दक्षिणेकडून वर आला. त्याच्याकडचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, जवळपास अर्ध्या टनाचं होतं. ते टेकडीवर चढवायचं आणि दूरच्या टेकडीवरचं निशाण दिसायची वाट बघायची. धूळ, धुकं, पाऊस. कधी कधी एका कोनासाठी दिवसच्या दिवस जायचे. हे काम चालू असतानाच 1823 च्या जानेवारीत, आपल्या पूर्वेला वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याचं काम पुढे नेणारा माणूस म्हणजे जॉर्ज एव्हरेस्ट. हो, शिखराला नाव दिलेला तोच.

आता एकदम 1957. त्या वर्षी 4 ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण त्याचा बीप-बीप ऐकत बसले. रेल्वे फाटकावर उभं राहिलं की येणाऱ्या गाडीची शिटी चढी आणि जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, ते आपल्याला माहीत आहे. तोच डॉप्लर परिणाम या बीपमध्ये होता. त्या चढ-उतारावरून त्यांनी उपग्रह कुठल्या कक्षेत फिरतोय ते काढलं. काही महिन्यांनी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला: आपण कुठे आहोत हे माहीत असेल तर उपग्रह सापडतो, मग उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर आपण सापडू का? मला विचाराल तर आजच्या सगळ्या लोकेशनचं मूळ या उलट्या प्रश्नात आहे.

त्यातून अमेरिकी नौदलाची ट्रान्झिट यंत्रणा आली. 1964 मध्ये ती कामाला लागली. एक उपग्रह डोक्यावरून जायला दहा-पंधरा मिनिटं लागायची, तेवढा वेळ त्याचं ऐकायचं आणि मग गणित करायचं. हुकला तर पुढचा येईपर्यंत तास-दीड तास बसा. पाणबुडीला हे चालत होतं. विमानाला चालणार नव्हतं. म्हणून 1973 मध्ये जीपीएसचा आराखडा मंजूर झाला आणि 1978 च्या फेब्रुवारीत त्याचा पहिला उपग्रह वर गेला.

इथून पुढचं नीट वाचा, कारण बांधावरचं ते फिरणारं वर्तुळ इथेच जन्मलं.

जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांच्या ट्रान्समीटरची ताकद घरातल्या बल्बच्या आसपासची. कल्पना करा, वीस हजार किलोमीटरवर कुणीतरी बल्ब लावलाय आणि तो तुम्हाला तळहाताएवढ्या फोनमधल्या अँटेनाने बघायचाय. सिग्नल इतका क्षीण की आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. दबलेल्या आवाजात बोलणाऱ्याचं ऐकायचं असेल तर त्याला सावकाश बोलायला सांगावं लागतं. तसंच इथे केलं. उपग्रह माहिती पाठवतो ती सेकंदाला फक्त 50 बिट या वेगाने.

50 बिट म्हणजे किती? तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी येणारा 100 केबीचा गुड मॉर्निंगचा फोटो या वेगाने यायला जवळपास साडेचार तास लागतील.

या मुंगीच्या चालीने उपग्रह दोन प्रकारची माहिती सांगतो. पहिली त्याची स्वतःची: मी या क्षणी नेमका कुठे आहे, माझं घड्याळ किती चुकतंय. हिला आपण 'आजचं पंचांग' म्हणू. दुसरी बाकीच्या सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती, म्हणजे भिंतीवरचं वर्षाचं कॅलेंडर समजा. पंचांगाचा एक फेरा 30 सेकंदांचा. पूर्ण कॅलेंडर मिळायला साडेबारा मिनिटं. पंचांग साधारण चार तासांत शिळं होतं, कॅलेंडर मात्र बरेच दिवस चालतं. आणि उंची धरून जागा काढायची तर निदान चार उपग्रहांचं पंचांग हातात लागतं. तीन मोजमापं जागेसाठी आणि चौथं फोनच्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक काढायला. ही चूक काढावीच लागते, कारण सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने घड्याळ चुकलं तर अंतर 300 मीटरने चुकतं.

त्यात जर फोनला काहीच माहीत नसेल, आपण कुठल्या देशात आहोत, किती वाजले, कुठला उपग्रह वर आहे, तर आधी आभाळ चाचपडावं लागतं. प्रत्येक उपग्रहाचा वेगळा कोड, त्यावर डॉप्लरमुळे सरकलेली फ्रिक्वेन्सी. अंधारात कुलूप आणि चाव्यांचा जुडगा घेऊन बसल्यासारखं. याला 'कोल्ड स्टार्ट' म्हणतात. ढोबळ माहिती आहे पण पंचांग शिळं झालंय, तो 'वॉर्म स्टार्ट', साधारण अर्धं मिनिट. सगळं ताजं असेल तर 'हॉट स्टार्ट', एक-दोन सेकंद.

एवढी संथ रचना का केली म्हणून त्या इंजिनिअरांना नावं ठेवू नका. त्यांच्या डोळ्यांपुढे जहाज, विमान आणि सैनिक होता. तिथे रिसीव्हर एकदा चालू केला की चालूच राहायचा. सुरुवातीचं अर्धं मिनिट कुणाला जड जाणार? दर दोन मिनिटांनी खिशातून बाहेर येणारं आणि लगेच उत्तर मागणारं यंत्र 1973 मध्ये कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

सामान्य माणसापर्यंत हे कसं आलं ते थोडक्यात. 1 सप्टेंबर 1983 ला वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेलं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, 269 माणसं गेली. त्यानंतर जीपीएस नागरी वापरासाठी मोकळं ठेवण्याची घोषणा रेगन सरकारने केली. पण मोकळं म्हणजे पूर्ण मोकळं नाही. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घातलेली असायची, सुमारे 100 मीटरपर्यंतची. ती 1 मे 2000 च्या मध्यरात्री क्लिंटन सरकारने बंद केली. महाराष्ट्र दिन, योगायोगाने! 100 मीटरची चूक तशीच असती तर ई-पीक पाहणीत तुमची कपाशी तिसऱ्याच्याच गटात उगवली असती.

चूक गेली, पण थांबणं तसंच होतं. ते कमी झालं एका वेगळ्याच कारणाने. अमेरिकेत लोक मोबाइलवरून 911 ला फोन करू लागले आणि 'मी कुठे आहे' हे त्यांना सांगता येईना. 1996 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने हुकूम काढला की इमर्जन्सी कॉल करणाऱ्याचं ठिकाण मोबाइल कंपन्यांनी कळवलंच पाहिजे. अपघातात अडकलेल्या माणसाला साडेबारा मिनिटं थांबा म्हणता येत नाही. मग स्नॅपट्रॅक नावाच्या छोट्या कंपनीने ज्यावर काम केलं ती युक्ती महत्त्वाची ठरली: पंचांग आभाळातून 50 बिटच्या वेगाने कशाला घ्यायचं? मोबाइलच्या नेटवर्कमधूनच फोनला देऊन टाका! टॉवरवरून ढोबळ जागाही कळते, वेळही कळते. दहा उपग्रहांचं पंचांग म्हणजे जेमतेम दोन-तीन केबी. नेटवर एका सेकंदाचंही काम नाही. आभाळाकडून फक्त अंतर मोजायचं राहतं. हेच असिस्टेड जीपीएस, ए-जीपीएस. 2000 मध्ये क्वालकॉमने स्नॅपट्रॅक सुमारे 100 कोटी डॉलरला विकत घेतली, यावरून या युक्तीची किंमत कळते.

म्हणजे तुमचा फोन पटकन लोकेशन देतो ते त्याचा जीपीएस फार वेगवान आहे म्हणून नव्हे. कुणीतरी त्याच्या कानात उत्तराचा अर्धा भाग आधीच सांगून ठेवलेला असतो. नेट गेलं की तो कानात सांगणारा जातो, आणि फोन परत 1978 मध्ये पोचतो.

आता येऊ सेटिंगच्या भानगडीकडे. 2010 च्या पुढची तीन-चार वर्षं अँड्रॉइडवाल्यांमध्ये एका फाइलची फार चलती होती, 'जीपीएस डॉट कॉन्फ'. फोन रूट करायचा, सिस्टिमच्या फोल्डरात जायचं आणि ती फाइल बदलायची. बऱ्याच फोनमध्ये तिच्यात वेळ विचारायचा सर्व्हर उत्तर अमेरिकेचा लिहिलेला असायचा. तो काढून भारताचा टाकायचा. पंचांग देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट दुरुस्त करायचा. हेच काम एका बटणावर करणारं फास्टरफिक्ससारखं ॲपही होतं. मी बीटेकला होतो तोवर ही लाट ओसरत आली होती, पण हॉस्टेलवर एखादा तरी 'मी जीपीएस फास्ट करून देतो' म्हणणारा असायचाच.

त्याने खरंच फरक पडायचा का? ज्या फोनमध्ये पंचांगाच्या सर्व्हरचा पत्ताच चुकीचा होता तिथे जादू झाल्यासारखा पडायचा, कारण कानात सांगणारा पहिल्यांदाच भेटायचा. पण ज्याची सगळ्यात जास्त चर्चा व्हायची तो भाग, अमेरिकेऐवजी भारताचा टाइम सर्व्हर, माझ्या मते बराचसा मनाचा खेळ होता. लांबच्या सर्व्हरमुळे वेळ सेकंदाच्या काही अंशाने चुकेल. तेवढ्यात कुठले उपग्रह वर आहेत हे बदलत नाही, आणि नेमकी वेळ फोन शेवटी उपग्रहाकडूनच काढतो. फाइल बदलली की फोन रीस्टार्ट व्हायचा, पोरगं कौतुकाने गच्चीवर जाऊन मोकळ्या आभाळाखाली तपासायचं, आणि श्रेय फाइलला मिळायचं.

आजच्या फोनमध्ये ती फाइल उघडायची गरज नाही, आणि बँकेची ॲप्स असलेला फोन रूट करूही नका. मग बांधावर जाणाऱ्याने काय करायचं? मुख्य काम शेतात नाही, गावातच करायचं. निघण्यापूर्वी, जिथे नेट चांगलं आहे अशा मोकळ्या जागी, पारावर किंवा ओट्यावर, नकाशाचं ॲप उघडा आणि निळा ठिपका नीट बसेपर्यंत मिनिटभर थांबा. एवढ्यात फोनने ताजं पंचांग घेतलेलं असतं आणि ते पुढचे दोन-चार तास चालतं. मग शेतात रेंज नसली तरी फोन कोल्ड स्टार्टला जात नाही. तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवा. बॅटरी सेव्हर तेवढ्यापुरता बंद. 'लोकेशन ॲक्युरसी' नावाची गुगलची सेवा चालू असू द्या, टॉवर आणि वायफायवरून ढोबळ जागा तीच देते.

एक सेटिंग मात्र अनेकांना माहीत नसतं. अँड्रॉइड 12 पासून ॲपला लोकेशनची परवानगी देताना 'प्रिसाइज' की 'ॲप्रॉक्सिमेट' असं विचारतात. घाईत ॲप्रॉक्सिमेट दाबलं गेलं, तर फोनला नेमकी जागा कळूनही तो ॲपला मुद्दाम अंदाजे, किलोमीटरच्या हिशोबातली जागा देतो. दिवसभर उन्हात उभं राहिलात तरी उपयोग नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची परवानगी तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ते पंख्याच्या स्विचसारखं बटण दाबणारे काका? त्यांना प्रेमाने थांबवा. नेट नसताना फोन 30 सेकंदांचं पंचांग ऐकत असतो. पंचविसाव्या सेकंदाला बटण बंद केलं की बहुतेक वेळा ऐकणं पहिल्यापासून सुरू. निंबाखालून बाहेर या, फोन छातीपासून जरा लांब, वरचा भाग आभाळाकडे धरा, आणि मिनिटभर हलू नका. 'क्लिअर ए-जीपीएस डेटा' असं बटण देणारी ॲप्स असतात, तीही शेतात नको. त्याने असलेलं पंचांग पुसलं जातं, आणि नेट नसेल तर परत कोल्ड स्टार्टपासून सुरुवात. बूस्टरवाल्या ॲप्सबद्दल एवढंच सांगतो की सॉफ्टवेअरने आभाळातला बल्ब मोठा होत नाही.

लोकेशन आलं म्हणजे लगेच फोटो दाबायचा, हीसुद्धा घाईच. पहिला ठिपका बरेचदा 20-30 मीटरने चुकलेला असतो, मग हळूहळू आत सरकतो. 30 मीटर म्हणजे किती, ते आपल्या गुंठ्याच्या भाषेत बघू. एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, आणि हे 33 फूट कुठून आले? जुन्या महसुली मोजणीची साखळी तेवढी लांब होती म्हणून. वऱ्हाडात 1860 च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जी मोजणी झाली, तिथून हे माप आपल्या सातबाऱ्यात बसलं. 33 फूट म्हणजे साधारण 10 मीटर. उघड्या आभाळाखाली चांगला फोन 5 मीटरच्या आत जागा सांगतो, म्हणजे अर्धी साखळी. पहिल्या घाईच्या ठिपक्यातली 30 मीटरची चूक म्हणजे तीन साखळ्या. दोन एकरांचं लांबट वावर असेल तर तीन साखळ्यांत शेजाऱ्याचा बांध ओलांडून होतो. ॲप तर आता तुम्ही गटाच्या आसपास आहात का तेही तपासतं. म्हणून निळ्या ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ लहान होईपर्यंत थांबा. हे थांबणं वायफळ नाही. आणि धुऱ्याचे वाद फोनच्या ठिपक्यावर मिटवायला जाऊ नका, अर्ध्या साखळीवरून आपल्याकडे कोर्टात पिढ्या गेल्यात. त्यासाठी भूमी अभिलेखवाले रोव्हर घेऊन येतात, त्यांची मोजणी सेंटिमीटरमधली असते.

शेवटचा मुद्दा आपल्या आभाळाचा. इस्रोने 1 जुलै 2013 पासून 28 एप्रिल 2016 पर्यंत सात उपग्रह सोडून स्वतःची यंत्रणा उभी केली, नाव 'नाविक'. जीपीएसचे उपग्रह जगभर फिरतात. नाविकचे मात्र कायम आपल्याच भागावर, आभाळात उंच राहतील असे ठेवलेत. राजूर घाटासारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही बाजूंना डोंगर आणि वर आभाळाची पट्टी, तिथे उंचावरचा उपग्रह फार कामाचा. पण वाट सरळ नव्हती. पहिल्याच उपग्रहातली आयात केलेली अणुघड्याळं बंद पडली. त्याच्या जागी 2017 च्या ऑगस्टमध्ये पाठवलेला उपग्रह रॉकेटचं वरचं कवच न उघडल्याने आतच अडकला. 29 मे 2023 ला गेलेल्या एनव्हीएस-01 मध्ये पहिल्यांदा देशी रुबिडियम घड्याळ बसलं, आणि फोनना सोपी जाणारी एल-1 फ्रिक्वेन्सीही आली. 2025 च्या जानेवारीतला एनव्हीएस-02 मात्र झडप न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. त्यामुळे लोकेशनसाठी पूर्ण कामाचे नाविक उपग्रह आजही आखलेल्या सातपेक्षा कमीच आहेत, आणि 'नाविक आहे, आता जीपीएसची गरज नाही' असे फॉरवर्ड आले तर पुढे पाठवू नका. फोन हे सगळे उपग्रह एकत्रच वापरतो, अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे आणि आपले.

तुमच्या फोनमध्ये नाविक आहे का हे बघायला जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप आहे. मोकळ्यावर उघडलं की दिसणाऱ्या प्रत्येक उपग्रहापुढे त्या देशाचा झेंडा येतो. तिरंगे किती दिसले, आणि गावातून पंचांग घेऊन गेल्यावर बांधावर किती सेकंदांत लोकेशन आलं, ते तालुक्याच्या नावासकट कळवा. घाटावरचे आणि घाटाखालचे आकडे शेजारी ठेवून बघायचेत मला.